जिवाच्या दोराचा झोका

माणसाचा जीव ज्याला टांगायचा, त्या दोराचा मी एकदा झोका केला होता. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, हे वाक्य प्रकरणाच्या शेवटी कुठंतरी हळूच सरकवावं, म्हणजे तोवर वाचणाऱ्याला माझ्याबद्दल थोडी माया उपजलेली असेल. पण हीच तर माझी जुनी खोड. वाईट गोष्ट घडी घालून तळाशी ठेवायची आणि वर चांगलं लुगडं पसरायचं. म्हणून आधीच सांगून टाकते. दोर आग विझवणाऱ्यांचा होता, झोका आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, होता, आणि अक्कल कोणाची होती ते विचारू नका, ती त्या दिवसांत आमच्याकडे मुक्कामाला नव्हती.

हे आत्ता उकरून काढायला कारण झाली माझी नात पल्लवी. ती जळगावला अग्निशमनाचं शिक्षण घेते. सुट्टीला घरी आली की माझ्या खाटेच्या पायांना दोऱ्या बांधत बसते, आणि मी उठायला गेले की निम्मी खाट माझ्याबरोबर उठते. मागच्या खेपेला तिला एक गाठ काही केल्या जमेना. दोन फासे करायचे, एक काखेखाली, एक गुडघ्यांमागे, आणि माणसाला खुर्चीत बसवल्यासारखं उंचावरून खाली सोडायचं. चार वेळा बांधली, चार वेळा सुटली. मी म्हटलं, आण इकडे. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, समोरचं सगळं धुरकट, पण बोटांनी आपोआप दोन फासे घातले, ओढून घट्ट केले आणि तिच्या मांडीवर टाकले. ती बघतच राहिली. "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "मोबाइलवर बघितलं." ती हसली. पुन्हा तीच खोड, बघा. साठ वर्षं होत आली, तरी पहिलं तोंडातून येतं ते खोटंच.

तेव्हा आम्ही धरणगावला राहत होतो, कापसातली सरकी काढायच्या जिनच्या मागच्या गल्लीत. गावात कापूस पिकायचा, तो सगळा आमच्या घरावरून जायचा असं वाटायचं. हंगामात बैलगाड्यांची रांग पहाटेपासून लागायची, आणि एकदा जिन सुरू झाली की भिंतींना कान लावायची गरज नसायची, भिंतीच थरथरायच्या. भांडी फळीवर हलकीशी वाजत असत. जिनचा भोंगा झाला की माय चुलीवरून तवा उतरवायची, दुसरा झाला की आबा काट्यावरून सुटून घरी यायचे. आबा जिनमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होते. त्यांच्या भुवयांत, मिशांत, कानात कापसाचे तंतू. माय म्हणायची, ह्या माणसाला पिंजला तर एक उशी निघेल. ताटात कळण्याची भाकर, लसणाचा ठेचा, वर तेलाची धार, आणि त्या तेलावर हमखास एक पांढरा तंतू तरंगत असायचा. तो बोटानं काढायचा आणि जेवायचं. पुढं लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले तेव्हा पहिल्या ताटात तो तंतू दिसला नाही, तर मला रडू आलं होतं. सासूबाईंना वाटलं, भाजी तिखट झाली.

तीन घरं सोडून हमीदाचं घर होतं. तिचे वडील पिंजारी. जिन बंद असली की त्यांच्या धनुकलीचा टण् टण् आवाज गल्लीभर ऐकू यायचा. हमीदा माझ्याच वयाची, अंगानं काडी, बोलायला कमी आणि ऐकायला पक्की. आम्ही दोघीही जिनमध्ये कापसातली किडकी कवडी आणि पाचोळा वेचायच्या कामाला जात होतो. मी सातवी शिकलेली होते आणि ते मी रोज कोणाला ना कोणाला सांगत असे. माझं अक्षर सुंदर होतं. तेही सांगत असे. हमीदा दुसरीतून निघाली होती. तिनं कधी काही सांगितलं नाही.

त्या वर्षी पलीकडच्या तालुक्यातल्या एका जिनला आग लागली आणि आमचे शेठजी हादरले. विमा कंपनीच्या साहेबांनीही सांगितलं असावं, की तुमच्याकडं आग विझवणारी माणसं तयार करा, मग बघू. त्यासाठी शेठजींनी धुळ्याहून कादरउस्ताद आणले. आयुष्य आगीच्या बंबावर काढलेला माणूस. निवृत्त झालेला, ताठ, उजव्या डोळ्यावरची भुवई नावालाही नाही. ती कुठं गेली असं विचारलं तर म्हणायचे, "एका घरात राहिली. पोरगं बाहेर आणलं, भुवई आत राहिली." आठवड्यातून दोनदा एसटीनं यायचे. जिनमधले आठ गडी आणि चार बाया त्यांनी निवडल्या. शेठजी म्हणाले, बाया कशाला? उस्ताद म्हणाले, "शेठजी, कापसाच्या गंजीजवळ दिवसभर बसतं कोण? धूर आधी दिसणार कोणाला?" मी त्या चौघींत होते, हमीदाही होती.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला उभं केलं आणि विचारलं, "आग दिसली. पहिलं काय करायचं?" गडी एका सुरात म्हणाले, "पाणी!" उस्तादांनी मान हलवली. मी पुढं होऊन म्हटलं, "पळायचं!" सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "ही बेटी पाण्यावाल्यांपेक्षा बरी. निदान जिवंत तरी राहील." मग त्यांनी क्रम सांगितला आणि तो आमच्याकडून इतका घोटून घेतला, की माय म्हणायची मी चुलीपुढंही पुटपुटते. आधी ओरडायचं. मग विजेचं मोठं बटण खाली ओढायचं. मग माणसं बाहेर काढायची आणि मोजायची, नावानिशी मोजायची. पाणी त्याच्यानंतर. कापसावर पाण्याची जोराची धार मारायची नाही, पेटलेला कापूस उडतो आणि दहा जागी आग लावतो. आणि वरून विझलेली दिसली तरी गंजी पूर्ण उपसून बघायची, कारण कापसाची आग आतल्या आत चालत राहते.

सगळं झालं की शेवटी गोल करून बसायचं. ही त्यांची रीत मी पुढं कुठं पाहिली नाही. सराव असो नाहीतर खरी आग असो, हातपाय धुवायच्या आधी गोल बसायचं आणि प्रत्येकानं आज आपलं काय चुकलं ते सांगायचं. दुसऱ्याचं नाही, आपलं. सुरुवात उस्ताद स्वतः करायचे. "मी आज बादल्या लांब ठेवल्या." मग पुढचा. कोणी रागवायचं नाही, कोणी हसायचं नाही. माझी पाळी आली की मी एखादी छोटीशी, देखणी चूक सांगायची. पदर खोचायला विसरले. आवाज बारीक निघाला. खऱ्या चुका मी तेव्हाही जपूनच वापरत असे.

आणि मग दोर. पिवळसर, मनगटाएवढा नाही पण अंगठ्याहून जाड, टोकाला ओळखीसाठी लाल धागा गुंडाळलेला. उस्ताद त्याला जिवाचा दोर म्हणायचे. बाकी दोर ओझं ओढायला, हा फक्त माणसाला. त्याच्यावर पाय द्यायचा नाही. चुकून पडला तर पुस्तकाला करतो तसा नमस्कार करायचा. उन्हात ठेवायचा नाही, ओला गुंडाळायचा नाही, खडबडीत कडेवरून न्यायचा असला तर खाली गोणपाट घालायचं. वापरायच्या आधी आणि नंतर सगळा दोर बोटांतून काढायचा, तसू तसू, आणि मधे मधे पीळ नखानं उघडून आत बघायचं. "वरून चांगला दिसतो, आतून मेलेला असतो," ते म्हणायचे. "आत पीठ दिसलं, की समजायचं, गेला." मग वहीत लिहायचं, तपासला, ठीक. आणि सही. ही वही आणि दोर त्यांनी माझ्या ताब्यात दिला. सातवी शिकलेली, अक्षर सुंदर, आणि बारा जणांत सगळ्यात पटकन गाठी बांधणारी. मी दोन हातांनी दोर घेतला आणि त्या संध्याकाळी गल्लीतून चालले ती नव्या नवरीसारखी. आज त्या पोरीला समोर उभी करून दोन ठेवून द्याव्यात असं वाटतं. पण ती ऐकायची नाही. तिला वाटेल, म्हातारीला जळतंय.

आखाजीला जिन तीन दिवस बंद राहणार होती. गोदामात उंदरांचा सुळसुळाट, म्हणून उस्ताद म्हणाले, "सुमन, दोर घरी ने. सावलीत, खुंटीला. खाली टाकू नको." मी मान डोलावली. आखाजी संपली की चौथ्या दिवशी विम्याच्या साहेबांसमोर मोठा सराव होता. तो नीट झाला की तालुक्यातल्या इतर जिनवालेही उस्तादांना बोलावणार होते. ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. उस्ताद त्याबद्दल बोलत नसत, पण त्या आठवड्यात त्यांनी सदऱ्याला नवी बटणं लावून घेतली होती.

आखाजी आमच्याकडं काय असते हे खानदेशाबाहेरच्यांना सांगून कळत नाही. दिवाळी घराची, आखाजी लेकींची. सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात आणि गल्लीतल्या कडुलिंबाला झोके बांधले जातात. पितरांसाठी घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. खापरावर पातळ पुरणाच्या पोळ्या, वर आमरस, आणि उरलेला सगळा वेळ झोका. त्या वर्षी माझी थोरली बहीण लीलाअक्का लग्नानंतर पहिल्यांदा यावलहून आली होती. येतानाच बोलत आली. यावलचे केळीचे घड केवढे, यावलचं पाणी कसं, यावलला झोका कसा दोन माणूस उंच जातो. आमचा झोक्याचा दोर अंबाडीचा, जुना, गाठी मारून मारून आखूड झालेला. तो खालच्या फांदीलाच पुरायचा. अक्का त्याच्यावर बसली, पाय जमिनीला घासले आणि म्हणाली, "ह्याला झोका म्हणतात का गं? पाळणा वाटतो." पलीकडच्या गल्लीतल्या पोरी त्यांच्या उंच झोक्यावरून आमच्याकडं बघून गाण्यात टोमणे मारत होत्या. आमच्या बाजूच्या पोरी गप्प बसल्या होत्या. आणि सातवी शिकलेल्या, सुंदर अक्षराच्या सुमनला ते सहन झालं नाही.

खुंटीवरचा दोर काढताना मायनं बघितलं. चुलीपुढून मान वळवून म्हणाली, "काय करी ऱ्हायनी वं? हाऊ दोर तुना बापना शे का?" मी म्हटलं, "माझ्याच ताब्यातला शे." पोळी उलटायची वेळ झाली होती. तिनं पोळी उलटली.

लिंबाच्या सगळ्यात वरच्या फांदीला तो दोर मी टाकला. गोणपाट घातलं नाही. त्याचा विचारही मनात आला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. आला होता. पण गोणपाट शोधायला घरात जावं लागलं असतं, आणि पोरी माझ्याकडं बघत होत्या. गाठ मात्र मी उस्तादांनी शिकवलेली मारली, इतकी देखणी, की मीच चार वेळा वर बघितलं. मग तीन दिवस तो झोका चालला. दोन दोन पोरी उभ्या राहून, फळी कडकडत, आणि दोर फांदीवर घासत राहायचा, कर्र कर्र. तो आवाज मला तेव्हा फार गोड वाटला होता. अक्का आभाळात गेल्यासारखी जायची आणि तिकडून ओरडायची, "यावललाबी असा नाही गं!" पलीकडच्या गल्लीतल्या पोरींची गाणी बंद पडली. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी हमीदा आली. झोक्याजवळ उभी राहून तिनं दोराच्या टोकाला हात लावला.

"सुमे, हा उस्तादचा ना? लाल धागा ओळखला मी."

"गप. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"त्यांना कळलं तर?"

"तू सांगणार का?"

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "सरक. मला बसू दे."

मीच तिला झोका दिला. हलकी होती, एका ढकलण्यात पार वर गेली. आजही ती जिना चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवते. जरा जोरानंच ठेवते, आणि मी खांदा काढून घेत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे दोर उतरवला. फांदीवर जिथं घासला होता तिथं तो केसाळ झाला होता, सालीचा हिरवा रंग त्याला लागला होता, आणि कोणत्या तरी पोरीच्या हातचं कुंकू. मी काय केलं असेल? तो दोर हौदावर नेऊन धुतला. मग पत्र्यावर उन्हात वाळत घातला. वर आलेले केस कात्रीनं कापले. आणि त्याची इतकी गोल, इतकी नीटस गुंडाळी केली की दुकानात ठेवावी. उस्तादांनी जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते एकेक करून सगळं मी केलं. फक्त एकच केलं नाही. पीळ उघडून आत बघितलं नाही. आत काय दिसेल याची मला भीती होती, म्हणून बघितलं नाही. मग वही उघडली आणि टाक बुडवून सुंदर अक्षरात लिहिलं, दोर तपासला, ठीक. सही केली. सहीखाली एक छोटी वेलांटीसारखी नक्षीही काढली. ती नक्षी मला आजही डोळे मिटले की दिसते.

साहेब वेळेच्या आधीच आले. शेठजी घायकुतीला आले, "उस्ताद, सुरू करा, सुरू करा." उस्ताद एरवी दोर स्वतःच्या बोटांतून काढल्याशिवाय कोणाला बांधत नसत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सुमन, दोर?" मी म्हटलं, "तपासला उस्ताद. वहीत आहे." त्यांनी मान हलवली. तरी सवयीप्रमाणे खाली सरकी काढलेल्या रुईनं भरलेली पोती अंथरायला लावली. शेठजींचा मुनीम कुरकुरला, पोती मळतील. उस्ताद म्हणाले, "मळू द्या."

जिनच्या माळ्याच्या खिडकीतून हमीदाला खाली सोडायचं होतं. सगळ्यात हलकी तीच. गाठ मी बांधत होते, एक फासा काखेखाली, एक गुडघ्यांमागे. माझे हात पटपट चालले होते. हमीदानं अगदी हळू विचारलं, "सुमे, बघितलास ना आतून?"

"बघितला गं. नखानं उघडून बघितला."

ती खिडकीबाहेर सरकली. वरून दोन गड्यांनी दोर सोडायला सुरुवात केली. निम्म्यापर्यंत ती छान आली. साहेबांपैकी एकजण "वा" म्हणाला. मग फडकं फाटताना होतो तसा एक कोरडा आवाज झाला, मोठासुद्धा नाही, आणि दोर वर राहिला आणि हमीदा खाली. पोत्यांवरच पडली, म्हणून जीव वाचला. पण एक पाय पोत्याच्या बाहेर फरशीच्या कडेवर आला. ती ओरडली नाही. मी ओरडले. गडी धावले, कोणीतरी पाणी आणलं, उस्ताद सगळ्यांना बाजूला करून गुडघ्यांवर बसले, तिचा पाय दोन्ही बाजूंनी फळकुटं लावून बांधला, शेठजींच्या गाडीतून तिला दवाखान्यात पाठवलं, आणि ती गाडी फाटकाबाहेर गेली तसं म्हणाले, "बसा."

साहेब बघत होते. शेठजी म्हणाले, "आता कशाला?" उस्ताद म्हणाले, "आताच." आम्ही अकरा जण गोल बसलो. हमीदाची जागा त्यांनी रिकामी ठेवायला लावली. सुरुवात त्यांनी केली. "माझी चूक. आज दोर मी स्वतःच्या हातानं बघितला नाही." एवढंच म्हणाले. मग त्यांनी तुटलेलं टोक घेतलं आणि नखानं पीळ उघडला. पांढरं पीठ त्यांच्या मांडीवर सांडलं. त्या पिठात लिंबाच्या सालीचा एक बारीक, हिरवट तुकडा होता. त्यांनी तो चिमटीत धरला, थोडा वेळ बघितला आणि खिशात टाकला. माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित... पण नाही. बघितलं असतं तरी मी बोलले नसते. उगाच त्या पोरीला चांगली ठरवायला नको.

एकेक जण बोलत गेला. वरचा गडी म्हणाला, मी दोर जरा भराभर सोडला. दुसरा म्हणाला, पोती अजून पसरायला हवी होती. आणि माझी पाळी आली. सगळे माझ्याकडं बघत होते, उस्ताद जमिनीकडं. मी म्हटलं, "माझी चूक म्हणजे, मी ओरडले. ओरडायला नको होतं."

उस्तादांनी मान हलवली. वही मागितली, मी दिली. त्यांनी तिच्यात काही लिहिलं, वही पिशवीत घातली. मग उठून शेठजींना आणि साहेबांना म्हणाले, "दोर माझा. जबाबदारी माझी." साहेबांनी तोंड वाकडं केलं. शेठजी काहीतरी बोलले, जुना दोर, स्वस्तातला माल, असं काहीसं. दुपारच्या एसटीनं उस्ताद धुळ्याला गेले आणि त्यांना पुन्हा कोणत्याही जिनवाल्यानं बोलावलं नाही. नव्या बटणांचा सदरा मी तो शेवटचा बघितला.

हमीदाचा पाय घोट्याजवळ मोडला होता. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा प्लास्टर गुडघ्यापर्यंत. मी महिनाभर तिच्याकडं गेले नाही. रोज जायचं ठरवायची आणि रोज काही ना काही काम निघायचं, म्हणजे मीच काढायची. शेवटी मायनं कुरडयांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दे जा." एवढंच. हमीदा खाटेवर बसून गोधडीला टाके घालत होती. बाहेर तिच्या वडिलांची धनुकली चालू होती, म्हणून आमचं बोलणं कोणाला ऐकू जात नव्हतं. मी डबा ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. धुणं, कात्री, पत्रा, वही. ती टाके घालतच राहिली.

"झोक्याचं मला माहीतच होतं की," ती म्हणाली. "मीबी बसले ना त्याच्यावर."

"मग तू खिडकीतून उतरलीस कशी?"

"तू म्हणालीस, बघितला. म्हणून उतरले." तिनं दात लावून धागा तोडला. "मला कशाला सांगते? मला तर खाली पडल्या पडल्याच कळलं. धुळ्याला सांगितलंस का?"

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"मग कुरडया ने परत," हमीदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मायला म्हटलं, धुळ्याला जायचंय, तर तिनं विचारलंसुद्धा नाही कशाला. चार भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि माझ्याबरोबर एसटीत येऊन बसली. पारोळ्याला गाडी किती तरी वेळ थांबली. मी मनात वाक्यं जुळवत होते, सुंदर वाक्यं, आणि ती सगळी गाडीतच सांडली. धुळ्याला विचारत विचारत घर सापडलं. उस्ताद मुलाच्या सायकलच्या दुकानापुढं बाकावर बसून एका ट्यूबचं पंक्चर घासत होते. मायनं पदर डोक्यावरून ओढला आणि बाजूला उभी राहिली. त्यांनी मला ओळखलं, ट्यूब खाली ठेवली, हात फडक्याला पुसले.

मी म्हटलं, "उस्ताद, माझी चूक..." आणि पुढं काही येईना. जिनच्या अंगणात अकरा जणांसमोर जे सहज आलं होतं, ते खोटं होतं म्हणून आलं होतं. रस्त्यानं टांगे जात होते, दुकानात कोणीतरी घंटी वाजवून बघत होतं. शेवटी मी रडत रडत, नाक ओढत, तुटक तुटक सांगितलं. झोका म्हटलं. लिंब म्हटलं. कात्री म्हटलं. बघितलाच नव्हता, म्हटलं. सगळं झाल्यावर उस्ताद आत गेले आणि ती वही घेऊन आले. त्या दिवसाचं पान उघडलं. वर माझी सही, तिच्याखाली ती नक्षी. खाली त्यांच्या जाड अक्षरात, दोर स्वतः बघितला नाही, चूक माझी, कादर. आणि त्याच्याखाली निम्म्याहून जास्त पान कोरं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले:

"एवढी जागा तुझ्यासाठी सोडून ठेवली होती, बेटी. लिही आता. अक्षर वाकडं आलं तरी चालेल."